दोन बेटांमधली पात

नोव्हेंबरात आभाळ भरून आलं की आमच्या परभणीत लोक कापसाकडे बघतात आणि मी फोनकडे बघते. परवा सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. ऊन होतं, पण त्याला धार नव्हती. पूर्वेकडून पांढुरके ढग सरकत आले होते आणि या दिवसांत नसायला हवा असा ओलावा वाऱ्याला होता. शेजारच्या गच्चीवरून मुळेकाकू म्हणाल्या, "आभाळ आलं की हो मॅडम. आमचा कापूस अजून उभाच हाय रानात." मी "हो ना" म्हटलं, उरलेले कपडे बादलीतच ठेवले आणि खाली येऊन टीव्ही लावला. बंगालच्या उपसागरात, अंदमानजवळ, कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं होतं.

हे ढग तिथून निघतात. आंध्र, तेलंगण ओलांडून आमच्यापर्यंत येईस्तोवर त्यांच्यात फारसा दम उरत नाही. एखादा दिवस भुरभुर पडते, फुटलेल्या बोंडांतल्या कापसाच्या वाती होतात, लोक हळहळतात आणि पुन्हा ऊन पडतं. पण ते जिथून निघतात तिथे माझी धाकटी बहीण राहते. विशाखा. उत्तर अंदमानातल्या दिगलीपूर नावाच्या गावी, सरकारी दवाखान्यात ती नर्स आहे. तिकडे वारं सुटलं की आधी बोटी बंद होतात, मग वीज जाते, मग फोन. हा क्रम आता मला पाठ झाला आहे. परवा दुपारी तिला पाठवलेल्या निरोपावर एकच बारीक खूण उमटली आणि ती एकच राहिली.

मी काळजी करणारी बाई आहे, हे मी कुणापासून लपवत नाही. कुकरची शिट्टी वेळेवर झाली नाही तर माझ्या डोळ्यांपुढे फुटलेला कुकर येतो. मुलगा शिकवणीहून दहा मिनिटं उशिरा आला तर मी फाटकात उभी असते. माझे मिस्टर म्हणतात, सरकारनं काळजी करायचं एखादं पद काढलं तर तुला मुलाखत न घेता रुजू करून घेतील. मी हसते, पण मनात म्हणते, कोणीतरी करायलाच पाहिजे की. आपण काळजी करायची थांबलो आणि नेमकं तेव्हाच काही झालं तर, अशी मला लहानपणापासून धास्ती आहे. यात काही तर्क नाही हे मला कळतं, पण कळून उपयोग होत नाही.

मानवतजवळच्या ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी भूगोल शिकवते, तिथे व्हरांड्याच्या भिंतीवर भारताचा मोठा नकाशा रंगवलेला आहे. पेंटरनं काश्मीरपासून मोठ्या झोकात सुरुवात केली आणि कन्याकुमारीपाशी आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की अंदमानच्या जागी वर्गाची खिडकी आहे. त्यानं डोकं चालवलं आणि बेटं खिडकीच्या लाकडी झडपेवरच काढून टाकली. झडप उघडली की अंदमान वर्गात जातं आणि नकाशात नुसतं भोक राहतं. विशाखा तिकडे गेली त्या वर्षी मी पहिल्यांदा ती झडप लावून घेऊन मुलांना बेटं दाखवली. बोटाएवढी हिरवी रेघ, तिच्याखाली दोनचार ठिपके. एका पोरीनं विचारलं, "मॅडम, तिथं माणसं राह्यतेत का?" मी म्हटलं, माझी बहीण राहते. पोरीला ते काही खरं वाटलं नाही.

चार वर्षांपूर्वी याच दिवसांत, दिवाळीच्या सुट्टीत, मी विशाखाला परत आणायला गेले होते. फिरायला चाललोय असं सगळ्यांना सांगितलं होतं. शाळेतल्या बाकीच्या मॅडम म्हणाल्या, नशीबवान आहात, फोटो पाठवा. पण मला फिरायचं नव्हतं. विशाखाची नोकरी करारावर होती, करार दरवर्षी नव्यानं व्हायचा आणि त्या महिनाअखेरीला तिला पुन्हा सही करायची होती. ती सही होऊ द्यायची नाही, एवढंच माझं काम होतं. परभणीत एका दवाखान्यात मी तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. तिनं परत यावं, चार पावलांवर राहावं, आभाळ आलं की मला तिची आठवण येऊ नये. ती माझं ऐकत नाही हे ठाऊक होतं, म्हणून सोबत बाईला घेतलं.

बाई म्हणजे आमची आई. आमच्यात आईला बाई आणि वडलांना दादा म्हणतात. दादांना जाऊन बरीच वर्षं झाली. बाई झरीला राहते, एकटी, आपल्या मनानं. तिचं आयुष्य लोकांच्या रानात कापूस वेचण्यात गेलं आणि आम्हा दोघी बहिणींची शिक्षणं त्या वेचणीवर झाली. झरीच्या घरात बुद्धाच्या मूर्तीशेजारी आमचे दोघींचे पदवी घेतानाचे फोटो आहेत. पाहुणा आला की बाई त्याला पाणी द्यायच्या आधी ते फोटो दाखवते. विशाखा कुणाचंही ऐकणार नाही, पण बाईचा शब्द तिनं कधी मोडला नाही. बाईनं नुसतं "चल" म्हटलं की काम झालं, याची मला खात्री होती. निघायच्या आधी मी झरीला जाऊन तिला नीट समजावलं.

"तू म्हण, मला आता होत नाही. म्हण, तू जवळ पाहिजेस."

बाई तांदूळ निवडत होती. "बघू," ती म्हणाली. "आधी बेट तर बघू."

"बाई, आपण बेट बघायला चाललो नाही."

"मंग कशाला चाललो? एवढ्या लांब जायाचं आन् बघायचं बी न्हाई?"

आज त्या प्रवासाचे फोटो काढून बसले तर एक गोष्ट दिसते. प्रत्येक फोटोत बाई समोर बघतेय, विशाखा हसतेय आणि मी भलतीकडेच बघतेय. कुठे बोटीच्या दोरीकडे, कुठे गुहेच्या छताकडे. लोक जन्मात एकदा तिथे जायची स्वप्नं बघतात. मी तिथे पंधरा दिवस होते आणि मला जे आठवतं ते सगळं बाईच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, कारण मी सारखी तिच्या तोंडाकडे बघत होते. आता बोलेल, मग बोलेल.

विमानात खिडकीची जागा तिला दिली होती. हैदराबाद सोडून बराच वेळ झाल्यावर ती म्हणाली, "खाली समदं निळंच हाय. रान कुठंच दिसंना." मी डोळे मिटून खुर्चीचा दांडा धरला होता. पोर्ट ब्लेअरला विशाखा घ्यायला आली होती. काळवंडली होती, केस कापले होते, आणि आमच्या दोन्ही पिशव्या तिनं एका हातात उचलल्या. बाईनं तिच्या दंडाला हात लावून बघितला, बाजारात भाजी दाबून बघावी तसा.

तिथून दिगलीपूर म्हणजे बसनं अख्खा दिवस. पहाटे निघालो. पुढे दाट जंगल लागलं आणि सगळ्या गाड्या एका रांगेत सोडल्या गेल्या. या जंगलात फार जुने आदिवासी लोक राहतात, तेव्हा थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, कुणाला काही द्यायचं नाही, असे फलक होते. गाडीतले काही जण तरी खिडकीला नाक लावून बसले. विशाखानं बाईला सगळं समजावून सांगितलं. बाई म्हणाली, "बरोबर हाय. दुसऱ्याच्या घरातून जायचं तर मान खाली घालून जावं." आणि तेवढा सगळा पट्टा ती खरंच मांडीवरच्या पिशवीकडे बघत बसली. मी झाडांकडे बघत होते. इतकी उंच झाडं मी कधी पाहिली नव्हती, आणि यातलं एखादं बसवर पडलं तर काय, एवढंच माझ्या मनात येत होतं.

पुढे खाडी आली आणि आमची बस माणसांसकट बोटीवर चढली. मी जीव मुठीत धरून खाली उतरले. बाई जागेवरूनच म्हणाली, "मी कशाला उतरू? बुडाली तर समदंच बुडंल." पलीकडे बाराटांगला आम्ही एक मुक्काम केला; तिथे चुनखडीच्या गुहा आहेत. त्या बघायला लहान बोटीतून कांदळवनाच्या आतल्या अरुंद वाटेनं जावं लागतं. दोन्ही बाजूंनी झाडांची मुळं पाण्यात उभी, वर फांद्यांचं छत, आणि मधे मधे मगरींपासून सावध राहा अशी पाटी. मी बाईचा हात घट्ट धरला. ती मान लांब करून पाण्यात बघत होती. "कुठंय मगर?" तिनं बोटवाल्याला मराठीतच विचारलं, आणि नाही दिसली म्हणून परतताना खट्टू झाली.

गुहेत थेंब थेंब गळत होतं. छतावरून लोंबणारे दगडाचे सुळके बॅटरीच्या उजेडात ओले चमकत होते. त्यांना हात लावू नका, हाताचं तेल लागलं की त्यांची वाढ थांबते, असं वाटाड्यानं सांगितलं. बाईनं दोन्ही हात पाठीमागे बांधले ते बाहेर येईपर्यंत सोडले नाहीत. चिखलाच्या ज्वालामुखीपाशी मात्र तिनं निराशा लपवली नाही. मी भूगोलाची शिक्षिका म्हणून तिला आदल्या दिवशी ज्वालामुखीवर अर्धा तास व्याख्यान दिलं होतं. प्रत्यक्षात कुंपणाच्या आत करड्या चिखलाचा एक उंचवटा होता आणि त्यातून मधूनच एखादा बुडबुडा येत होता. बाई बराच वेळ बघत राहिली. "पिठलं शिजायलंय," ती म्हणाली. विशाखा हसून हसून खाली बसली. पायाखालची जमीन पोकळ आहे का, या विचारानं मी कुंपणापासून लांब उभी होते.

गुहेत बोलली नाही, बोटीत बोलली नाही, ज्वालामुखीपाशी बोलली नाही. मी मनात म्हटलं, घरी पोचल्यावर बोलेल.

विशाखाचं घर म्हणजे पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या. मागे सुपारीची झाडं, समोर बंगाली कुटुंबांची घरं, आणि लांबवर ढगात अर्धा बुडालेला डोंगर. सूर्य पहाटे पाचला वर आणि संध्याकाळी पाचला गायब. दुपारचा चहा होतो न होतो तोच दिवे लावायची वेळ. इथे एकटी पोरगी कशी राहते, हा विचार मला सोडत नव्हता. पाऊस तर न सांगता यायचा, छपरावर तडतड वाजायचा आणि निघून जायचा. पहिल्या सरीला बाई उठली आणि घरातलं प्रत्येक भांडं पागोळ्यांखाली लावून आली. पातेली, बादल्या, डबे, शेवटी चहाची किटली. "एवढं पाणी आन् कोणी भांडं लावंना," ती म्हणत होती. "काय माणसं हायत." आमच्याकडे नळाला पाणी यायच्या दिवशी घरात कोणी आजारीसुद्धा पडत नाही. विशाखानं तिला सांगून पाहिलं, की इथे आठ महिने पाऊस असतो. बाईनं ऐकलं, आणि पुढच्या सरीला पुन्हा भांडी लावली. समोरच्या बंगाली वहिनी दारात उभ्या राहून तोंडाला पदर लावून हसायच्या. मग एके दिवशी त्यांनीही आपली एक कळशी आणून बाईच्या रांगेत ठेवली.

काल शाळेत गेले होते. सहावीच्या वर्गावर किनारपट्टीचा धडा शिकवला. भरती-ओहोटी शिकवताना माझा आवाज बसतो हे मुलांच्या लक्षात आलेलं नाही. मधल्या सुट्टीत फोन बघितला. एकच खूण.

त्या प्रवासात शेवटी विशाखानं आम्हाला दोन बेटं दाखवायला नेलं. दिगलीपूरजवळच्या धक्क्यावरून छोट्या मोटारबोटीनं लगेच पोचता येतं. दोन हिरवी बेटं आणि त्यांच्यामधे पांढऱ्या वाळूचा एक वाकडा पट्टा. ओहोटीला या बेटावरून त्या बेटावर चालत जायचं, भरतीला पट्टा पाण्याखाली. पाणी इतकं नितळ की बोटीची सावली तळाशी वाळूवर दिसत होती. आपल्या शेजारून आपलीच सावली पोहत चाललीय हे बघून मीसुद्धा दोन मिनिटं सगळं विसरले. बोटवाले काका उतरताना म्हणाले, "बारह बजे तक। फिर पानी चढ़ेगा।" विशाखानं ते बाईला मराठीत सांगितलं. बाईनं मान डोलावली. तिला कळलं असं आम्ही धरून चाललो.

बाईला वाळूवर सोडून आम्ही दोघी झाडाखाली बसलो. महिना संपायला आला होता, आणि बाई तर काही बोलत नव्हती. मग मीच सुरुवात केली.

"इथे तुझं कोण आहे, विशू?"

"कोण पाहिजे?" ती म्हणाली. "मागच्या वर्षी वारं सुटलं तेव्हा चार दिवस बाहेरून कोणी येऊ शकत नव्हतं. दवाखान्यात मी आणि एक डॉक्टर. दोन बाळंतपणं झाली त्यात."

"परभणीत बायका बाळंत होत नाहीत का?"

"होतात की. पण तिथे दुसऱ्या नर्स आहेत, ताई."

"आणि बाई? तिचं वय बघ. उद्या तिला काही झालं तर तू चार दिवसांनी पोचशील. बाईकडे कोणी बघायचं?"

हे वाक्य मी मोठ्यानं बोलत होते, आणि तेव्हा बाईकडे कोणीच बघत नव्हतं.

कापूस वेचायला बायका रानात शिरतात तेव्हा प्रत्येकीच्या वाट्याला एक ओळ येते, तिला पात म्हणतात. पोटाशी पदराची ओटी बांधायची, पात धरायची, आणि ती दुसऱ्या टोकाला संपेपर्यंत मान वर करायची नाही. मान वर केली की हात थांबतो आणि शेजारीण पुढे निघून जाते. बाईनं हे चाळीस वर्षं केलं. त्या वाळूच्या पट्ट्यावर, पाणी जिथवर येऊन मागे गेलं होतं तिथे, शंखशिंपल्यांची एक सरळ ओळ पडलेली होती. बाईनं ती बघितली, ओटी बांधली आणि पात धरली. या बेटापासून त्या बेटापर्यंत.

मी वळून बघितलं तेव्हा पट्टा मधोमध तुटला होता. जिथून आम्ही तासाभरापूर्वी चपला हातात घेऊन चाललो होतो, तिथे हिरवं पाणी होतं आणि ते दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे येत होतं. पलीकडच्या बेटाच्या कडेला बाई दिसत होती. वाकलेली. मी ओरडले. पुन्हा ओरडले. तिनं मान वर केली नाही, कारण पात अजून संपली नव्हती.

मी पाण्यात शिरले. गुडघ्यापर्यंत गेले आणि तिथे पायांखालची वाळू सरकली. मला पोहता येत नाही. आमच्याकडे कुणाला येतं? माझे पाय पुढे जाईनात. हे लिहायची मला आजही लाज वाटते.

विशाखा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि क्षणभर नुसती पाण्याकडे बघत राहिली. मला वाटलं, तीही घाबरली. मग तिनं चपला काढल्या आणि निघाली. सरळ नाही, डावीकडे लांब वळसा घेऊन. "सरळ जा की," मी किंचाळत होते, "विशू, सरळ जा." पाणी तिच्या कमरेपर्यंत आलं, मग वर आलं, मग पुन्हा कमरेपर्यंत उतरलं. मागून बोटवाले काका आले. "सीधा गहरा है," ते म्हणाले. "दीदी को मालूम है।" आणि ते सावकाश आपली बोट आणायला गेले, पलीकडच्या खोल बाजूनं वळवून.

विशाखानं बाईचा कोपर धरून तिला वर झाडीपाशी नेलं आणि एका आडव्या पडलेल्या खोडावर बसवलं. मग स्वतः शेजारी बसली. दोघी बसून राहिल्या. मला त्या दिसत होत्या, ऐकू मात्र काही येत नव्हतं. मधे पाणी वाढत होतं. अर्धा तास असेल किंवा दहा मिनिटं, मला सांगता येणार नाही. मगर, लाट, बोट न येणं, बाईचं ब्लडप्रेशर, सगळं मी तेवढ्या वेळात घडवून पाहिलं. आणि त्याच्या खाली, अगदी तळाशी, मला एक गोष्ट बरी वाटत होती. आता बाई घाबरली असेल. आता ती नक्की म्हणेल.

बोटीनं दोघी परत आल्या. बाईचं पातळ गुडघ्यापर्यंत भिजलं होतं आणि ओटी शिंपल्यांनी फुगली होती. मी रडत होते. ती माझ्याकडे नवलानं बघत होती.

"मला वाटलं नदी उतरली," ती म्हणाली. "आपली दुधना एकदा उतरली की पुढच्या पावसाळ्यापस्तोर येतीय का कुठं? म्हणले, जाऊन येऊ पलीकडं." मग पातळाचा काठ पिळत, "हितलं पाणी म्हणे दिवसातून दोन्दा येतंय. लय कामाचं पाणी हाय."

धक्क्यावर वनखात्याच्या माणसानं सांगितलं की शंखशिंपले नेता येत नाहीत. तो बिचारा हे सांगताना ओशाळला होता. बाईनं वाद घातला नाही. धक्क्याच्या कडेला बसून तिनं ओटी सोडली आणि सगळं पाण्यात ओतलं.

घरी आल्यावर विशाखा अंघोळीला गेली तेव्हा मी बाईला गाठलं. "तिथे बसला होतात तेव्हा बोललीस?"

"बोलले की."

"काय?"

"इचारलं, पाणी कुठवर येईल. ती म्हणाली, त्या मुळापस्तोर. मुळापस्तोरच आलं." बाई केस पुसत होती. "आन् काय. बसलो मंग."

दोन दिवसांनी विशाखानं सही केली. परतीच्या प्रवासात मी बाईशी बोलले नाही. विमानात नाही, हैदराबादच्या स्टेशनवर नाही. नांदेड मागे पडल्यावर मात्र मला राहवलं नाही. "एक शब्द होता बाई, एक. तू 'चल' का नाही म्हणालीस?" डब्यात लोक होते, ते बघायला लागले. बाई खिडकीतून बाहेर बघत होती. "कापूस चांगला फुटलाय औंदा," ती म्हणाली. मला इतका राग आला की परभणी आल्यावर मी तिची पिशवीसुद्धा धरली नाही. ती पिशवी डोक्यावर घेऊन झरीच्या बसकडे चालत गेली.

तेव्हापासून दर नोव्हेंबरात हेच. आभाळ येतं, फोन लागत नाही आणि मी झरीला बाईला विचारते, तुला काहीच वाटत नाही का? ती म्हणते, "वाटून काय व्हतंय? येईल फोन." आणि कामाला लागते. अशी माणसं असतात, मी मिस्टरांना म्हणायचे, दगडासारखी. फिकीर नावाची चीजच त्यांना माहीत नसते. मला तिचा हेवाही वाटायचा.

आज शनिवार. सकाळची शाळा करून मी तशीच झरीची बस धरली. तिसरा दिवस होता आणि टीव्हीवर तिकडचे पडलेले माड दाखवत होते. बाईनं आपलं थोडंसं रान वाट्यानं दिलेलं आहे, त्यातला तिच्या हिश्श्याचा कापूस पुढच्या खोलीत पडला होता, भिंतीला लागून. बाई त्याच्यासमोर बसून त्यातला काडीकचरा काढत होती. "ये," ती म्हणाली. मी बसले. ती एक मूठ घ्यायची, चाचपायची, डावीकडे टाकायची. बघता बघता माझ्या लक्षात आलं की त्या कापसात काहीच कचरा नाही. उजवीकडचा ढीग संपला तेव्हा तिनं डावीकडचाच पुढ्यात ओढला आणि पुन्हा सुरुवात केली.

चारच्या सुमाराला फोन वाजला. विशाखा. आवाज तुटत होता. बरी आहे, तीन दिवस दवाखान्यातच होते, समोरच्या वहिनींच्या घराचे पत्रे गेले, माणसं सगळी ठीक आहेत. मी काय बोलले ते मला आठवत नाही. मग बाईनं हात पुढे केला.

"बरी हायस न्हवं?" ती म्हणाली. "हं. हं. झोप मंग. ठेव, आणखी कुणाला फोन करायचा आसंल." बस, एवढंच. तिनं फोन माझ्याकडे दिला आणि कापसाची मूठ उचलली. तीच मूठ ती पुन्हा पुन्हा चाचपत राहिली. फोन येऊन गेला तरी त्या स्वच्छ कापसातून ती नसलेला कचरा काढत होती.

"बाई," मी म्हटलं, "तू घाबरली होतीस."

तिनं हातातली मूठ मांडीवर सोडली. बाहेर आभाळ उतरल्यासारखं झालं होतं आणि खोलीत अंधारून आलं होतं.

"खोडावर बसलो व्हतो तवा तीच म्हणाली," बाई म्हणाली. "बाई, तू 'चल' म्हण, मी सही करत न्हाई. दोन्दा म्हणाली. माझा हात धरला व्हता."

"मग?"

"आली असती ती, सुजाता." तिनं माझ्याकडे बघितलं. "म्हणूनच 'चल' म्हणले न्हाई. तिनं तिथं पात धरलीय."

तिच्या मांडीवरचा कापूस मी उचलून बाजूला ठेवला आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले. या घरात हा घोर एकट्या माझ्याच वाट्याला आलाय असं धरून मी चार वर्षं तिच्यावर रागावले होते.